आर्कमॅपची स्टाइल क्यूजीआयएस, जिओसर्व्हर आणि वेबवर नेताना काय काय सांडतं?

गटनंबर

विकास आराखड्याचा प्रस्तावित जमीनवापर नकाशा आर्कमॅप या जुन्या नकाशा-सॉफ्टवेअरच्या एमएक्सडी फाइलीत आहे, साधारण ४० लेयर. निवासी पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा, सार्वजनिक-निमसार्वजनिक लाल, मोकळ्या जागा हिरव्या. आरक्षणांवर तिरप्या रेघांचं हॅच आणि त्यावर आरक्षण क्रमांक. डीपी (विकास आराखड्यातले) रस्ते दोन काठांचे, वॉर्डहद्द तुटक रेघेची, लेबलं मराठीत.

आर्कमॅपच्या निवृत्तीची तारीख १ मार्च २०२६, तेव्हा हे हलवायचंच आहे. डेटा शेपफाइलींतून पोस्टजीआयएस डेटाबेसमध्ये, दुरुस्त्या क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये, डब्ल्यूएमएस (नकाशाचं तयार चित्र पाठवणारी सेवा) जिओसर्व्हर या नकाशा-सर्व्हरवरून आणि पुढे मॅपलिब्र या ब्राउझरच्या लायब्ररीत वेब नकाशा. एकदा स्टाइल फाइल काढली आणि तिन्हीकडे चालवली, असा मार्ग आहे का? नसेल तर कुठे काय सांडतं ते आधी कळलं तर तपासायला बरं पडेल.

रेघोट्या

तिन्हीकडे जशीच्या तशी चालेल अशी फाइल नाही. कोणाच्या पोटात काय आहे ते आधी बघा, म्हणजे कारण कळेल.

एलवायआर (आर्कमॅपची एका लेयरची स्टाइल फाइल) आणि एमएक्सडी बायनरी आणि बंद रचनेच्या. आर्कजीआयएस प्रोची एलवायआरएक्स मात्र साधं जेसन, नोटपॅडमध्ये उघडते. प्रोची स्टायलएक्स म्हणजे एसक्यूलाइट डेटाबेस. आयटम्स नावाच्या तक्त्यात एकेक चिन्ह जेसनमध्ये ठेवलेलं सापडेल. क्यूएमएल हे क्यूजीआयएसचं स्वतःचं एक्सएमएल, त्यात क्यूजीआयएसला येतं ते सगळं मावतं. एसएलडी हे ओजीसी या नकाशा-मानकांच्या संस्थेचं मानक, १.० आवृत्ती २००२ सालची. सगळ्यांना थोडंथोडं कळतं, पूर्ण कुणालाच नाही. मॅपलिब्रचं स्टाइल जेसन वेगळ्याच घराण्यातलं.

तुमच्यासाठी दोन वाटा. प्रोचा परवाना असेल तर इन्सर्ट टॅबवरून एमएक्सडी इम्पोर्ट करा, लेयरवर राइट-क्लिक, शेअरिंग, सेव्ह ॲज लेयर फाइल, की एलवायआरएक्स हातात. परवाना नसेल तर क्यूजीआयएसचं स्लायर प्लगइन.

घाटमाथा

स्लायरला दुजोरा. ते एलवायआर, एमएक्सडी, जुन्या स्टाइल फाइली थेट वाचतं, मशीनवर आर्कमॅप असावं लागत नाही. एक मोफत सामुदायिक आवृत्ती आहे आणि एक परवान्याची. नवी रूपांतरं आधी परवान्याच्या आवृत्तीत येतात. ४० लेयरचं काम हाताने करायला लागणारा वेळ मोजला तर परवाना महाग वाटणार नाही.

एक सांगून ठेवतो. आर्कमॅपमधली बरीच बिंदुचिन्हं म्हणजे फॉन्टमधली अक्षरं असतात. तो फॉन्ट नव्या मशीनवर नसेल तर मंदिराच्या जागी रोमन लिपीतलं एखादं अक्षर उभं राहतं. रूपांतर चुकलेलं नसतं, फॉन्ट नसतो. अशी चिन्हं एसव्हीजी या चित्र-फाइलीत काढून घ्या, पुढे जिओसर्व्हरलाही तीच वापरता येतील.

नदीकाठ

माझं मत वेगळं. एसएलडीलाच मूळ प्रत माना, ती मानक आहे, उद्या आणखी एखादं सॉफ्टवेअर आलं तरी वाचेल. क्यूजीआयएसमधून लेयर प्रॉपर्टीज, खाली स्टाइल बटण, सेव्ह स्टाइल, एसएलडी. ती जिओसर्व्हरवर चढवली की झालं. क्यूजीआयएस एसएलडी उलट वाचतंही.

मोजणीदार

नदीकाठ, वाचतं, पण जे लिहिताना गेलं ते परत येत नाही. क्यूजीआयएसमधून एसएलडी काढताना डेटा-डिफाइन्ड ओव्हरराइड (रकान्यातल्या किमतीवरून ठरणारी सेटिंग) जातात, ब्लेंड मोड (रंग मिसळायच्या पद्धती) जातात, शेपबर्स्ट (कडेपासून आत बदलत जाणारं) भरण जातं, जिऑमेट्री जनरेटर (चिन्हासाठी नवा आकार बनवणारा) जातो. ती एसएलडी पुन्हा क्यूजीआयएसमध्ये उघडून तिच्यावरच काम चालू ठेवलं तर दर फेरीला थोडी थोडी झीज. मूळ प्रत नेहमी सर्वांत श्रीमंत फॉरमॅटमध्ये ठेवावी, म्हणजे इथे क्यूएमएल. एसएलडी हा त्यातून काढायचा माल.

क्यूजीआयएसमधून स्टाइल थेट डेटाबेसमध्ये जतन केली तर लेयर_स्टाइल्स नावाचा तक्ता तयार होतो, पोस्टजीआयएसमध्ये आणि जिओपॅकेजमध्येही. त्यात क्यूएमएल आणि एसएलडी दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत पडतात. गटनंबर यांना हेच सोयीचं: डेटा आणि मूळ स्टाइल एका जागी, बॅकअपही एकच.

अक्षांश१८

आता सांडण्याबद्दल. सर्वांत जास्त गोंधळ एककांचा होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आर्कजीआयएस पॉइंटात मोजतं, क्यूजीआयएस बहुधा मिलिमीटरमध्ये, एसएलडी पिक्सेलमध्ये. ओजीसीने पिक्सेल ०.२८ मिमीचा धरलाय, म्हणजे सुमारे ९०.७ डीपीआय (इंचाला ठिपके). ब्राउझरचा पिक्सेल इंचाचा ९६वा भाग, म्हणजे ०.२६५ मिमी. एक पॉइंट म्हणजे ०.३५३ मिमी. तेव्हा आर्कमॅपमधली १ पॉइंटाची रेघ क्यूजीआयएसमध्ये ०.३५ मिमी, एसएलडीत १.२६ पिक्सेल आणि मॅपलिब्रमध्ये १.३३. १० पॉइंटाचं लेबल एसएलडीत १२.६, म्हणजे १३ पिक्सेल. जिओसर्व्हरवर कुणी १३ चे परत १० केले की अक्षरं बारीक दिसायला लागतात आणि दोष रूपांतराला दिला जातो.

निर्यातीत आकडे पूर्णांकात गेले की ०.२ मिमी आणि ०.३५ मिमी या दोन्ही रेघा १ पिक्सेलच्या होतात. गटहद्द आणि वॉर्डहद्द यांच्यातला फरक मग फक्त रंगावर उरतो. एसएलडी उघडून स्ट्रोक-विड्थ हाताने ०.७ आणि १.२५ करा, जिओसर्व्हर अपूर्णांक व्यवस्थित घेतो.

तुटक रेघेत आणखी एक फेरा. वॉर्डहद्द ०.६ मिमी जाड, ६ मिमी रेघ आणि २ मिमी फट असेल तर एसएलडीत जाडी २.१४, डॅश २१.४ आणि ७.१, सगळं पिक्सेलमध्ये. मॅपलिब्रमध्ये मात्र डॅशचे आकडे रेघेच्या जाडीच्या पटीत लिहायचे असतात: १० आणि ३.३. तिथे २१.४ आणि ७.१ तसेच ठेवले तर तुकडे दुपटीहून लांब होतात.

फरसबंदी

वाचनखूण साठवली.

घाटमाथा

अक्षांश१८ यांच्या प्रतिसादाला जोड. रस्त्याची रुंदी जमिनीवरच्या मीटरमध्ये दाखवायची असेल, म्हणजे ३० मीटर डीपी रस्ता खरंच ३० मीटरचा दिसावा, तर क्यूजीआयएसमध्ये मॅप युनिट्स न निवडता मीटर्स ॲट स्केल निवडा. मॅप युनिट्स यूटीएममध्ये बरोबर चालतात कारण तिथे एकक मीटर आहे. तोच नकाशा अक्षांश-रेखांशात उघडला की ३० मीटरचे ३० अंश होतात आणि एकच रस्ता अख्खा नकाशा झाकून टाकतो. एसएलडीत रेघेच्या सिम्बॉलायझरवर (चिन्हाच्या व्याख्येवर) यूओएम या एककाच्या नोंदीत मीटर लिहिलेलं आहे का तेवढं तपासा.

कोरा_कागद

प्रमाणाच्या मर्यादा कशा नेता? आर्कजीआयएस प्रोच्या जेसनमध्ये मिनस्केल ५०००० आहे, एसएलडीत मिनस्केलडिनॉमिनेटर ५०००० लिहिलं, तर लेयर नेमका उलट्या वेळी दिसतो.

अक्षांश१८

कोरा_कागद, शब्द सारखे, अर्थ उलटे. प्रोमध्ये आणि क्यूजीआयएसमध्ये किमान प्रमाण म्हणजे सर्वांत दूरून, १:५०,००० म्हणजे त्याच्यापेक्षा बाहेर गेलात की लेयर बंद. एसएलडी प्रमाण मोजत नाही, छेद (१:५०,००० मधला ५०,०००) मोजते. म्हणून तिथे हाच आकडा मॅक्सस्केलडिनॉमिनेटरमध्ये जातो.

मॅपलिब्रसाठी प्रमाणाचा झूम करावा लागतो. वेब मर्केटर या वेब नकाशांच्या प्रक्षेपणात २५६ पिक्सेलच्या टाइलला (नकाशाच्या चौकोनी तुकड्याला) झूम ० चा छेद ५५,९०,८२,२६४. त्याला ५०,००० ने भागा आणि २ च्या पायाचा लॉग घ्या: १३.४५. मॅपलिब्र ५१२ च्या टाइलवर चालतं म्हणून एक वजा, १२.४५. ही एक वजा करायची राहिली की लेबलं एक पायरी उशिरा उगवतात.

रेघोट्या

रस्त्यांच्या काठांकडे कुणी वळलंच नाही अजून. काळा जाड पट्टा खाली, पांढरा बारीक वर, हा दुहेरी रस्ता. क्यूजीआयएसमध्ये सिम्बॉल लेव्हल्स चालू केल्या की आधी सगळे काळे पट्टे, मग सगळे पांढरे, त्यामुळे चौक मोकळा दिसतो. एसएलडीत दोन्ही रेघा एकाच फीचरटाइपस्टाइलमध्ये (नियमांच्या गटात) पडल्या तर जिओसर्व्हर एक रस्ता पूर्ण काढतो, मग पुढचा. प्रत्येक चौकात आडवी काळी रेघ येते. उपाय: दोन वेगळे फीचरटाइपस्टाइल. पहिल्यात सगळ्या वर्गांचे काळे पट्टे, दुसऱ्यात सगळे पांढरे. कॉपी-पेस्टचं काम आहे.

एलवायआरएक्समधून स्क्रिप्टने वाचणार असाल तर क्रम लक्षात ठेवा. तिथे सिम्बॉललेयर्सच्या यादीतला पहिला सर्वांत वर असतो. क्यूजीआयएसच्या फाइलीत आणि एसएलडीत पहिला सर्वांत खाली. उलटवायला विसरलं की काळा पट्टा पांढऱ्याला गिळतो. रंगाची पारदर्शकताही तशीच: प्रोमध्ये चौथा आकडा ० ते १००, क्यूजीआयएसमध्ये ० ते २५५, एसएलडीत ० ते १. प्रोचा १०० जसाच्या तसा क्यूजीआयएसमध्ये गेला तर पूर्ण भरीव रंग ३९ टक्क्यांवर येतो. सगळा नकाशा फिकट दिसला तर पहिला संशय इथे घ्या.

नदीकाठ

मोजणीदार यांचा झिजेचा मुद्दा पटला. मूळ प्रत क्यूएमएल. पण मग एसएलडी दर वेळी हाताने दुरुस्त करायची? दुरुस्ती पुढच्या निर्यातीत पुसली जाणार.

मोजणीदार

म्हणून दुरुस्त्या स्क्रिप्टमध्ये लिहायच्या. एसएलडी हे एक्सएमएल आहे. पायथनमध्ये उघडून जाडी बदलणं, फीचरटाइपस्टाइल दोन करणं, फॉन्टचं नाव घालणं, सगळं मिळून शंभरेक ओळींत होतं. निर्यात केली की स्क्रिप्ट चालवायची आणि रेस्टने (जिओसर्व्हरला स्क्रिप्टमधून विनंती पाठवायची सोय) चढवायची. चढवताना कंटेंट-टाइप, म्हणजे फाइलीचा सांगितलेला प्रकार, बघा. क्यूजीआयएस १.१ आवृत्तीची एसएलडी काढतं, तिचा प्रकार वेगळा सांगावा लागतो. १.० म्हणून चढवली तर चूक तरी येते, नाहीतर न सांगता साधा राखाडी नकाशा येतो.

जिओस्टायलर हाही पर्याय आहे. त्याचं कमांड लाइनचं साधन क्यूएमएल, एसएलडी आणि मॅपलिब्रचं जेसन यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करतं. साध्या वर्गीकरणाला उत्तम. हॅच आणि लेबलांच्या बारीक सेटिंगला पुरत नाही, तिथे हात लावावाच लागतो.

फरसबंदी

हॅचचं जिओसर्व्हरवर काय होतं?

रेघोट्या

जिओसर्व्हर हॅच म्हणजे एक छोटा चौकोन शेजारी शेजारी चिकटवत जातो. आडवी, उभी आणि ४५ अंशाची रेघ त्या चौकोनात बरोबर जुळते, त्यासाठी शेप:// ने सुरू होणारी तयार नावं आहेत: हॉरलाइन, व्हर्टलाइन, स्लॅश, बॅकस्लॅश, टाइम्स. ३० अंशाची रेघ चौकोनाच्या कडेला जुळत नाही, सांधे दिसतात. आरक्षणाचं हॅच आर्कमॅपमध्ये ३० किंवा ६० अंशावर असेल तर मूळ नकाशातच ४५ करून घ्या आणि वेगळेपण अंतरात आणि रंगात ठेवा. आणि निर्यात केलेल्या फाइलीत नुसतं हॉरलाइन लिहिलं असेल, पुढे शेप:// नसेल, तर ते हाताने घाला.

मॅपलिब्रमध्ये हॅच रेघेने काढता येत नाही, स्प्राइटमध्ये (छोट्या चित्रांच्या एकत्र संचात) पीएनजी नमुना लागतो. तिथेही तोच नियम, कडा जुळल्या पाहिजेत.

बांधावरून

वर्गीकरणात एक ठिकाण कुणी सांगितलं नाही. शेपफाइलीत रकान्याचं नाव १० बाइटांत बसवावं लागतं, म्हणून रोमन लिपीतल्या लँडयूज_टाइपची शेवटची दोन अक्षरं तुटतात. देवनागरीत नाव दिलं तर यूटीएफ-८ मध्ये एक अक्षरचिन्ह ३ बाइटांचं, म्हणजे तीनच चिन्हं मावतात आणि काना-मात्राही त्यातच मोजायची. पोस्टजीआयएसमध्ये जाताना नावं लहान अक्षरांत होतात. आर्कजीआयएसला लहान-मोठ्या अक्षरांचं काही वाटत नाही, क्यूजीआयएस कधी सांभाळून घेतं, जिओसर्व्हर घेत नाही. स्टाइलमध्ये मोठ्या अक्षरांत नाव आणि तक्त्यात लहान, की नकाशा कोरा.

क्रम असा ठेवा: आधी डेटा पोस्टजीआयएसमध्ये, रकान्यांची नावं कायमची पक्की, मगच स्टाइल. उलटं केलं तर प्रत्येक नियमात नाव बदलत बसावं लागतं.

किमतींचा प्रकारही बघा. वापराचा कोड एका ठिकाणी आकडा आणि दुसरीकडे मजकूर असेल तर मॅपलिब्रच्या मॅचमध्ये (किमतीवरून रंग निवडणाऱ्या सूत्रात) १ आणि "१" जुळत नाहीत, सगळे गट 'इतर' रंगात जातात.

अक्षांश१८

बांधावरून, उत्तम मुद्दा. 'इतर'वरून आठवलं: क्यूजीआयएसमधला 'बाकी सगळ्या किमती' हा वर्ग एसएलडीत एल्सफिल्टर म्हणून गेलाय का ते पाहा. आणि एल्सफिल्टर फक्त आपल्या फीचरटाइपस्टाइलपुरता असतो. रेघोट्या म्हणतात तसे दोन केलेत तर दोन्हीकडे घालायला हवा.

श्रेणीबद्ध वर्गात सीमेवरची किंमत सरकते. आर्कजीआयएसमध्ये वर्गाची वरची हद्द त्याच वर्गात धरतात. मॅपलिब्रच्या स्टेपमध्ये (पायऱ्यांनी रंग देणाऱ्या सूत्रात) पायरीचा आकडा वरच्या वर्गात जातो. लोकसंख्या बरोब्बर ५,००० असलेला वॉर्ड एका नकाशात फिका आणि दुसऱ्यात गडद. पूर्णांक किमती असतील तर स्टेपमध्ये ५००१ लिहा, प्रश्न मिटला.

गटनंबर

केवढी माहिती! मनापासून आभार. लेबलांचं कुणी सांगेल का? आर्कमॅपमध्ये नाव आणि खाली आरक्षण क्रमांक असं दोन ओळींचं एक्स्प्रेशन आहे. क्यूजीआयएसमध्ये दोन उभ्या दांड्यांनी जोडलं तर काही लेबलं गायबच होतात.

मोजणीदार

गटनंबर, त्या ठिकाणी दोनपैकी एक रकाना नल, म्हणजे किंमतच न भरलेला, आहे. आर्कमॅपचं व्हीबीस्क्रिप्ट नलला रिकामा मजकूर धरून पुढे जातं. क्यूजीआयएसमध्ये दांड्यांनी जोडलेल्यातला एकही नल असेल तर पूर्ण उत्तर नल, आणि नलचं लेबल निघत नाही. दांड्या काढून कॉन्कॅट वापरा, ते नलला रिकामं मानतं. क्रमांक नसेल तेव्हा रिकामी दुसरी ओळही नको असेल तर कोअलेस(नवी ओळ || क्रमांक, रिकामा मजकूर) असं आत बसवा. इथे नलचा स्वभाव उपयोगी पडतो: क्रमांक नाही तर नवी ओळही नाही.

घाटमाथा

मराठी लेबलांसाठी आधी हे बघा की रकान्यातला मजकूर युनिकोड आहे का. जुन्या कामात श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेलं असतं, तो फॉन्ट काढला की रोमन अक्षरांचा कचरा. तोच फॉन्ट सर्व्हरवर बसवून वेळ मारून नेता येते.

बांधावरून

घाटमाथा, हे करू नका असंच सांगेन. फॉन्ट बसवून चित्र बरोबर येईल, पण वेबवर कुणी गावाचं नाव टाकून शोधलं तर सापडणार नाही, दुसऱ्या खात्याला डेटा दिला तर त्यांना तो वाचता येणार नाही. नावं एकदाच युनिकोडमध्ये बदला आणि तपासणीला रफार आणि र-जोडाक्षरं असलेले शब्द घ्या: कर्जत, प्राथमिक शाळा, दर्गा, क्रीडांगण. रूपांतरक चुकतो तो बहुधा इथेच.

घाटमाथा

शोधाचा मुद्दा मान्य. फॉन्ट बसवायचा सल्ला मागे घेतो.

रेघोट्या

युनिकोड झाल्यावर जिओसर्व्हरच्या मशीनवर देवनागरी असलेला फॉन्ट लागतो, नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित. विंडोजवर क्यूजीआयएसमध्ये मंगल निवडलेला असतो, तो लिनक्स सर्व्हरवर नसतो, आणि लेबलांच्या जागी चौकोन येतात. सर्व्हर स्टेटसमध्ये फॉन्टची यादी आहे. तिथे जे नाव दिसतं तेच, एका अक्षराचाही फरक न करता, एसएलडीत लिहा. फॉन्ट नवा बसवला तर जिओसर्व्हर एकदा बंद करून सुरू करा.

मॅपलिब्रचं दुखणं खोल आहे. तिथे अक्षरांची चित्रं सर्व्हरवर आधीच बनवून ठेवलेली असतात, एका युनिकोड चिन्हाला एक. जोडाक्षर म्हणजे अनेक चिन्हांतून घडणारं एक रूप, ते या पद्धतीत बनत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर राहते, क्ष फुटून क, हलन्त आणि ष वेगळे उभे राहतात. अरबीसाठीचं उजवीकडून डावीकडचं प्लगइन इथे काही करत नाही. व्यवहारातला उपाय हा: भरणं आणि रेघा मॅपलिब्रमध्ये, मराठी लेबलांचा वेगळा पारदर्शक डब्ल्यूएमएस लेयर जिओसर्व्हरवरून वर ठेवायचा. टाइलच्या कडेला नावं तुटू नयेत म्हणून मोठी मेटाटाइल (अनेक टाइलचा एकत्र काढलेला तुकडा) घ्या आणि पार्शल्स (अर्धवट लेबलं दाखवणं) हा पर्याय बंदच ठेवा.

फरसबंदी

मॅपलिब्रची ही वेलांटी बघून जीव तुटतो खरा.

कोरा_कागद

मग गटनंबर यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: ४० लेयर कुठल्या क्रमाने घ्यायचे?

मोजणीदार

आधी चारच. एक जमीनवापराचा वर्गीकृत, एक हॅच असलेला आरक्षणाचा, एक दुहेरी काठाच्या रस्त्यांचा, एक मराठी लेबलांचा. वर सांगितलेलं जवळपास सगळं या चौघांत येतं. एकाच ठिकाणची, एकाच प्रमाणाची, समजा १:५,००० ची, चित्रं आर्कमॅप, क्यूजीआयएस आणि जिओसर्व्हरमधून काढा आणि एकावर एक ठेवून बघा. चार जुळले की स्क्रिप्ट पक्की, उरलेले ३६ तिच्यातून काढा.

जमीनवापरासाठी आणखी सोपी वाट: चिन्हांना कोडचीच नावं देऊन ती क्यूजीआयएसच्या स्टाइल मॅनेजरमध्ये ठेवा. नव्या लेयरला वर्गीकरण केलं की ॲडव्हान्स्डमधून 'जतन केलेल्या चिन्हांशी जुळवा'. नाव आणि किंमत एक असेल तिथे रंग आपोआप बसतो. पुढच्या आराखड्यालाही तीच फाइल चालेल.

गटनंबर

चार लेयर लावले. प्रोमधून एलवायआरएक्स न काढता स्लायरने थेट क्यूजीआयएसमध्ये घेतले. हॅच ४५ वर आणलं, चौक मोकळे झाले, कॉन्कॅटने लेबलं परत आली. रंग तिन्ही चित्रांत जुळतात. एकच राहिलं: जिओसर्व्हरच्या सूचीत (लेजंडमध्ये) मराठी नावांच्या जागी चौकोन येतात, नकाशावर तर बरोबर दिसतात.

रेघोट्या

सूचीचा फॉन्ट नकाशाच्या फॉन्टपेक्षा वेगळा घेतला जातो. सूचीचं चित्र मागवणाऱ्या गेटलेजंडग्राफिकच्या विनंतीत लेजंड_ऑप्शन्समध्ये फॉन्टनेम म्हणून नोटो सान्स देवनागरी द्या, फॉन्टसाइज १३ आणि फॉन्टअँटीअलायझिंग ट्रू. तिथेच हाइडएम्प्टीरूल्स ट्रू केलं आणि विनंतीत नकाशाची चौकट दिली तर समोर नसलेले वर्ग सूचीतून गळतात. रस्त्यांचे दोन फीचरटाइपस्टाइल केल्यामुळे प्रत्येक रस्ता सूचीत दोनदा येईल, एकदा काळा आणि एकदा पांढरा. त्यासाठी रस्त्यांची सूची वेगळ्या, एकाच फीचरटाइपस्टाइलच्या साध्या एसएलडीवरून मागवा; विनंतीत स्टाइल म्हणून तिचं नाव दिलं की पुरे.